कुबो-सानची वासरं डागली तो जून

१२ मे २०१२, शनि.
मंदारने शेवटी हो म्हटलं. म्हणजे ‘नको’ म्हणायचं थांबवलं. रेडिएशन, इरा आठ वर्षांची, आपण परके लोक, सगळं परत एकदा झालं. मी म्हटलं, एकच दिवस, मी एकटीच जाते, इरा तुझ्याजवळ राहील. वासरं धरायला कुबो-सानकडे माणूस नाही.

कुबो-सान गुरं पाळणारे शेतकरी. गेल्या वर्षी, अणुभट्टीच्या अपघातानंतर गाव सोडावं लागलेल्यांच्या शिबिरात भेटले. आम्ही निशी-कसाई वस्तीतल्या भारतीय बायका खिचडी घेऊन गेलो होतो. कुणीतरी सांगितलं, या बाई गुरांच्या डॉक्टर. मी म्हटलं, “होते.” इथे लायसन्स नाही, डिग्री कपाटात. तरी कुबो-सान तासभर मला गाईंबद्दलच विचारत बसले. इतकं कुणी कधीच विचारलं नव्हतं.

१८ मे, शुक्र.
कुबो-सानचा फोन. गाव रिकामं झाल्यावर जन्मलेल्या वासरांच्या कानात बिल्लेच नाहीत. सरकारी कचेरीचं म्हणणं, मारून टाका. नाहीतर कुंपणात ठेवा आणि ही कधी विकली जाणार नाहीत अशी न पुसणारी खूण करा. म्हणून डाग. तापल्या लोखंडाचा.

बाकीचे शेतकरी फुली करतायत. यांना फुली नको. गोल करून घेतलाय लोहाराकडून. इरा म्हणाली, बरोबरच आहे. शाळेत उत्तर बरोबर आलं की सेन्सेई गोल करतात.
मग जपानीत, “इताई?”
हो, दुखणार. खोटं कशाला सांगू.

२ जून, शनि.
थकलेय, पण लिहून ठेवते.

बंद केलेल्या भागाच्या फाटकाअलीकडेच फुमि-सानने, म्हणजे कुबो-सानच्या बायकोने, गाडीत ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खायला घातले. माझ्यासाठी मासा न घातलेले, वेगळ्या डब्यात. आत गेल्यावर काही खायचं नाही. पांढरे सूट, मास्क. गावात घरं तशीच, अंगणांत गवत खांद्यापर्यंत. एक वाळत घातलेली चादर अजून दोरीवर.

पहिलं वासरू अडकवलं. कुबो-सानने लोखंड उचललं, जवळ नेलं, परत विस्तवात ठेवलं. असं दोनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “इतके दिवस जगवलं यांना. आता मीच भाजू?”

मी लोखंड घ्यायला हात पुढे केला.

कॉलेजच्या फार्मवर शिकवलं होतं. लोखंड लाल नको, राखेच्या रंगाचं हवं. कातडी कोरडी. दाबायचं, हलवायचं नाही, झटकन उचलायचं. हाताला आठवत होतं. केस जळल्याचा वास, वासराचं हंबरणं... कुबो-सान त्याच्या कपाळावर हात ठेवून सारखं एकच, “गोमेन ना, गोमेन ना.” माफ कर रे.

सोडल्यावर थेट आईपाशी पळालं. पाय झाडले, मग प्यायला लागलं.

सगळी झाली. निघताना दोघं कमरेत वाकले, किती तरी वेळ. मला कळेना काय करावं. मी खाली वाकून पायच धरले त्यांचे. फुमि-सान घाबरल्या, मग हसल्या, मग रडल्या. खरं तर आभार मीच मानायचे. सहा वर्षांनी जनावराच्या अंगावर हात ठेवला.

९ जून, शनि.
एका तपकिरी वासराचा डाग चिघळला. खात नाही. मीच डागलेलं. दाब जास्त पडला का? कुबो-सानना फोनवर सांगितलं, मिठाच्या पाण्याने धुवा, माशा बसू देऊ नका, तिकडच्या डॉक्टरांना बोलवाच. ते म्हणतात, “तुम्ही काळजी करू नका.” उलट मलाच धीर.

मं. ऑफिसातून आला, काही न विचारता चहा टाकला.

१४ जून, गुरु.
डॉक्टर येऊन गेले. जखम साफ. वासरू पाणी प्यायलं, थोडं गवत खाल्लं. देवा. ऑफिसला जाताना मं.ने कावासाकी स्टेशनवरून मेसेज केला, “कसंय ते?” मी न सांगता त्याने विचारलं!

१७ जून, रवि.
कचेरीची माणसं परवा शुक्रवारी येऊन गेली. फोटो काढले, प्रत्येक डागावरून हात फिरवून पाहिला. ठेवू देणार की नाही, ते पुढच्या महिन्यात कळवतील. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, कुबो-सान म्हणाले.

तपकिरी उभं राहून बघत होतं म्हणे.

मी विचारलं, आणि नाही म्हणाले तर?
ते म्हणाले, “ते कळेल तेव्हा कळेल. आज चारा टाकायचाय. ठेवतो हं.”

मं. शेजारीच बसला होता. म्हणाला, “पुढच्या वेळी मीही येतो.”