न्यायाधीशबाईंनी मला विचारलेलं

फोरबर्ग, १४ मार्च २०२५

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. इथला गारठा काही हटत नाही. वहिनींचं मेतकूट कधीच संपलं. तुझी कंबर कशी आहे?

आता बसून वाच. गंधार कोठडीतून सुटला! खटला व्हायचाच आहे, पण तोवर लेकरू घरी. मास्ट्रिख्टच्या होस्टेलातल्या मारामारीत ज्या मुलाच्या डोक्यात बाटली बसली, तोही शुद्धीवर आलाय. देव पावला रे!

तू जन्मभर वकिली केलीस, पण तुझा सल्ला इथे पार आपटला हं. 'आजी अत्यवस्थ, नातवाचा ध्यास घेतलाय' असं लिहून दिलं, तर कोर्ट म्हणालं, म्हणजे याला देश सोडायला कारण आहे! सुटकेचा पहिला अर्ज त्यावरच फेटाळला. आणि आई तिकडे ठणठणीत, पत्ते कुटतेय!

'ज्युरीतली माणसं पारखून घ्या' म्हणालास, तर इथे डच कोर्टात ज्युरी नसतेच. तीन न्यायाधीश, बस्स. सगळा परदेश म्हणजे अमेरिका नव्हे, दादा.

या वेळी पासपोर्ट जमा केला, कुठे जातो ते पोलिसांना कळवणारा पट्टा पायाला बांधला, मास्ट्रिख्टला जायला बंदी. बाकी विशेष काही नाही.

नाही, आहे. तुझ्यापासून काय लपवायचं? सुनावणीत घरच्यांना सहसा सोडत नाहीत, पण वकीलबाईंनी माझ्यासाठी परवानगी काढली होती. न्यायाधीशबाईंनी मलाच विचारलं, "यानं अट मोडली, तर तुम्ही स्वतः पोलिसांना फोन कराल?" गंधार समोरच होता. मी हो म्हणाले. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

परतताना गाडी शैलेंद्र चालवत होता, बाप पुढे अन् आम्ही मायलेक मागे. पोरगा म्हणाला, "आई, वुड यू रिअली?"

जिभेवर 'नाही रे राजा' आलं होतं. पण म्हटलं, "हो. करीन. आणि पोलीस येईपर्यंत तुझा हात धरून बसेन."

"ओके," म्हणाला. आणि बोलायलाच लागला. इतके दिवस मी जे विचारायला घाबरत होते, ते त्यानं न विचारता सांगितलं. बाटली त्यानं मारली नव्हती, दादा. पण घाबरून पळाला तो, त्या मुलाला तसंच टाकून. तेही कोर्टात सांगणार म्हणतो. मी रडले, आणि रडताना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आत्ता तो शेजारच्या खोलीत घोरतोय.

तुझी, आणि आता दिल्या शब्दाला बांधलेली,
शुभदा