दाराजवळच्या खुर्चीची गादी

कुलस्वामिनीला हात जोडून मी, आसाराम भीमाजी बोरुडे, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार कोल्हार, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. बुधवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात, तरी मन एका जागी बसत नाही. एवढे लिहितानाही मधेच उठून एका खुर्चीची गादी ठोकून आलो.

१. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा मुलगा ओम व मुलगी अश्विनी यांना सारखा. अश्विनीकडून हक्कसोड लिहून घेऊ नये. पतसंस्थेतली ठेव माझी पत्नी अंबिका हिची.

२. स्टेपल गन, कात्री व खुर्च्यांच्या गाद्यांना लावून उरलेले रेक्झिन ओमला. "पप्पा, नव्या खुर्च्या मोबाईलवर मागवू की," असे तो म्हणाला होता. माग. पण आधी एक जुनी गादी स्वतः उसवून बघ.

३. जेवणाचे टेबल व सहा खुर्च्या घरातच राहाव्यात. टेबल आणले तेव्हा थोरले बंधू गोरक्षनाथ चारचौघांत म्हणाले, "आमचं आसाराम सायेब झालं. मांडी मोडली व्हय रं?" ते मी विसरलेलो नाही. आता त्यांचेच गुडघे धरतात, तेव्हा येऊन न विचारता खुर्ची ओढतात. माझ्या मागेही ओढावी.

गेल्या आठवड्यात खुर्च्या उलट्या करून स्क्रू काढले, जुने कापड उसवले. पाच गाद्यांचा फोम पार चपटा. सहावी, स्वयंपाकघराच्या दाराजवळची, दुकानातून आली तशीच फुगीर. ती अंबिकेची. आम्ही जेवायचो, ती वाढायची. मग ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास. तिचा फोम मी बदललेला नाही, रेक्झिन तेवढे नवे लावले.

४. म्हणून राहते घर, जे मी स्वकमाईने बांधले, ते अंगणासह एकट्या अंबिकेचे. ठेवायचे की विकायचे, ती ठरवेल. ओम म्हणाला, "आईच्या नावावर कशाला? आम्ही हाय ना." बाळा, त्या टेबलाभोवती आपण सगळे होतोच. अंबिका म्हणाली, "मला काय करायचंय घर? मी काय पळून चाललेय व्हय?" तरी हे कलम बदलणार नाही.

(सही) आसाराम भीमाजी बोरुडे

साक्षीदार गोरक्षनाथ भीमाजी बोरुडे: अंबिका खुर्चीवर बसल्याशिवाय पेन उचलणार नाही म्हणून आसाराम अडून बसला. ती म्हणाली, "दादांसमोर कशी बसू? अन् दूध उतू जाईल." शेवटी मीच उठून गॅस बंद केला. म्हणालो, "बस गं बाई. तू बसल्याबिगर मला बसता येईना, अन् गुडघे लई दुखत्यात." ती बसली. मग त्याने आमच्या देखत सही केली.
(सही)

साक्षीदार वाल्मिक रंगनाथ दळे, शेजारी: वरीलप्रमाणेच घडले.
(सही)

स्थळ: कोल्हार, राहत्या घरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५