ताईने मागून घेतलेलं दुखणं

५ तारीख
आले एकदाची ताईकडे! ऑफिसच्या जिन्यात घसरून घोटा काय मोडला, मी आयती महाराणी झाले. तळमजल्यावरची उजेडाची खोली, प्लास्टरखाली दोन उशा, हाताशी कुबड्या आणि हाक मारली की ताई हजर. ती एकटीच राहते, त्यामुळे तिलाही कोण आनंद. संध्याकाळी मात्र अशी कळ आली की मी भोकाडच पसरलं. ताईने प्लास्टरवर हात ठेवला आणि म्हणाली, तुझं दुखणं मला येऊ दे. लहानपणीही असंच म्हणायची.

६ तारीख
कळ गायब! गोळीसुद्धा घेतली नाही. ताई जरा लंगडतेय. चप्पल चावली म्हणे.

९ तारीख
कुबड्या न घेता खिडकीपर्यंत गेले. काही म्हणजे काही दुखलं नाही. तिकडे स्वयंपाकघरात ताई किंचाळली. तिचा घोटा टम्म सुजलाय. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत काहीच नाही.

१० तारीख
खात्री करायला पाय टेकवला. अंगणात कपडे वाळत घालणारी ताई कोसळली. मी परत टेकवला. दुसऱ्यांदा कशाला? खात्री तर झाली होती. न दुखता चालायला बरं वाटत होतं, खरं ते हे. लाज वाटते माझी मला.

१२ तारीख
ताईला सगळं सांगितलं. चिडली नाही. म्हणाली, धाकटी ना तू, मग काय झालं. मी तिचा पाय मांडीवर घेतला. ती म्हणाली होती तेच म्हणून दुखणं परत मागायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, चहा टाकू का?
चहा करायला चालत गेले. ती ओठ चावून बसली होती.

१३ तारीख
ताईला उठवत नाही. मी भीतीने लटलट कापतेय. तिने जवळ घेतलं, म्हणाली, तुझी भीतीही मला येऊ दे. मी नको म्हणायच्या आत —

१४ तारीख
शांत वाटतंय. अक्षरही सरळ येतंय. ताई कोपऱ्यात — दार वाजलं तरी किंचाळते.
मन मात्र खातंय. सारखं. तेवढंच उरलंय, आणि त्याच्यापायीच आज दुखणं परत मागणार. आता भीतीही नाही. एवढं लिहून झालं की उठतेच.
ती इकडे येतेय. सरपटत. माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं तिला — हात पुढे केलाय — म्हणतेय, मनाला लावून घेऊ नकोस, तेही मला —
नको ताई. ते गेलं तर मी तुझं दुखणं परत कशाला मा