मलावीसाठी पन्नास गोधड्या

रविवार, २ नोव्हेंबर
चर्चमध्ये उपासनेनंतर सूचनांच्या वेळी उठलो आणि सांगून टाकलं. आफ्रिकेत मलावीला आपली मंडळी ज्या मिशन दवाखान्याला हातभार लावते, तिथल्या बाळांना पन्नास गोधड्या पाठवणार. आपल्या मंडळीतली दीपाली तिथे नर्स आहे. सुट्टीवर आली आहे, तेवीस तारखेच्या विमानाने परत जाते. तिच्या बॅगेतून जातील. परदेश सेवा समितीत सध्या मी एकटाच उरलो आहे, त्यामुळे ठराव एकमताने झाला.
हडपसरला पहाटे गारवा सुटलाय. तिकडेही सुटला असणारच. थंडी काय पासपोर्ट बघून येते?

सोमवार, ३ नोव्हेंबर
शिवणार अर्थात महिला संघ. अध्यक्षा घरातच आहे. इंदूला चहा घेताना कळवलं. ती म्हणाली, "अहो, मला विचारलं होतंत?" मी म्हटलं, चांगल्या कामाला विचारायचं काय. तिने माझ्यासमोरचा कप उचलून नेला. अर्धा चहा शिल्लक होता.
म्हणजे तयार आहे. तिचा होकार असाच असतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तयार नाही.
महिला संघाच्या सभेत डोकावलो. त्यांचं दुसरंच काही शिवणं चाललं होतं. काय ते पाहिलं नाही, बायकांच्या कामात मी नाक खुपसत नाही. फक्त गोधड्यांची आठवण केली. सेक्रेटरी रुपाली म्हणाली, "शरच्चंद्रराव, जाहीर आपण केलंत. शिवाही आपणच." सगळ्या हसल्या. इंदूसुद्धा.
ठीक. पेटी पुस्तकावरून शिकलो, इंग्रजी रेडिओवरून शिकलो, तिथे सुईची काय कथा. रोज चार. जास्तीच्या होतील त्या शेजारच्या देशाला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
रविवार पेठेतून सुया, दोरा. दोन जुन्या चादरी कापल्या. त्यातली एक जुनी नव्हती, हे इंदूच्या चेहऱ्यावरून समजलं.
घरात पसरायला जागा नाही. चर्चच्या हॉलमधली सतरंजी आणून गच्चीवर अंथरली. राखणदार कचरू कुरकुरला, म्हणे रविवारी शब्बाथ शाळेत बायबल शिकायला येणाऱ्या पोरांना बसायला लागते. पुढच्या रविवारी ने म्हटलं, तोवर निम्मं काम उरकेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर
पहिली गोधडी चालू आहे. टाके मोठे, पण मनापासून. बोटांची चाळण.
खालचे इम्तियाज टेलर वर येऊन पाहून गेले. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "चाचा, ही एवढी जमिनीला धरून का बसलीय?"
धंद्यातला माणूस. दुसऱ्याचा हात बसलेला बघवत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर
पहिली गोधडी पूर्ण. उचलायला गेलो. सतरंजीही उठली.
चारी बाजूंनी शिवली गेली आहे. एकही टाका चुकून वरच्या वर राहिलेला नाही. उसवायला बसलो, उसवेना. काम पक्कं आहे एवढं सिद्ध झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर
कचरूने सतरंजी गोधडीसकट खांद्यावर टाकून नेली. मऊ जागी कोण बसणार यावरून शब्बाथ शाळेत मारामारी.
पाळकसाहेबांनी विचारलं, किती झाल्या. म्हटलं, पायाभूत काम झालं आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर
झोप नाही. डोळे मिटले की बाळांचे उघडे पाय दिसतात. दुसरी गोधडी घेतली होती, पण हात सुजलाय, सुई धरवत नाही. देवासमोर, मंडळीसमोर शब्द दिला. प्रभू, पाच भाकरींत तू पाच हजार जेवू घातलेस. माझं एका गोधडीवर अडलंय, आणि ती चर्चच्या सतरंजीची झाली.
इंदूला म्हणावं का? नकोच. तिला आपणहून दया येईल. अजून वेळ आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर
दया आली नाही. दीपाली आली, बॅग घेऊन. महिला संघाने ती भरली. पुढून बटणांचे सुती गाऊन, बाळंतिणींसाठी. महिनाभर तेच शिवत होत्या. काय लागतं ते इंदूने दीपालीला आधीच फोन करून विचारलं होतं म्हणे.
मी म्हटलं, थोडे गाऊन काढा, निदान रात्रीत एक तरी गोधडी करतो, बाळं तिकडे कुडकुडत असतील. मग दीपाली हळूच म्हणाली, "काका, तिकडे आत्ता उन्हाळा आहे. बाळं उघडीच झोपतात."
मी बॅगेची चेन लावायला मदत केली. तीही अडकली.

रविवार, २३ नोव्हेंबर
सूचनांची वेळ. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उभा राहिलो. सांगायचं पुष्कळ पाठ केलं होतं. "गोधड्या झाल्या नाहीत," एवढंच म्हणालो आणि बसलो.
घरी आलो. इंदू स्वयंपाकघरात. जाऊन दारात उभा राहिलो आणि विचारलं, तुला काही मदत हवी आहे का. तिने वळून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग मटारची परात पुढे सरकवली.
सोलले. विचारणं इतकं सोपं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही.