कोपरा न फाटलेलं कार्ड

॥ श्री ॥

उल्हासनगर,
६ जानेवारी २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

समीरकाकाच्या हाती हे पत्र आणि माझा जुना लॅपटॉप पाठवते आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि तुझं म्हणणं, कागद असला की मालिनीकाकूकडून दहा वेळा वाचून घेता येतो. म्हणून दोन स्टेशनांवरून हे पत्र.

तीन वर्षं मी आणि शलाका या खोलीत बसून काय करतो असं तू विचारतेस ना, ते या लॅपटॉपात आहे. ‘आगरवाट’ नावाचा गेम. मी गोष्ट लिहिली, शलाकानं चित्रं काढली. यात मारामारी नाही. खाडीकाठचं एक गाव. तिथल्या मिठागराचा मुकादम शिवराम नाहीसा झाला आणि त्याची जमीन अंगठ्याच्या कागदावर त्याचा भाऊ बाळाजी यानं घेतली. आपण तपास करणारी बाई. पायी फिरायचं, घरोघर बसायचं, वस्तू बघायच्या आणि शेवटी चावडीवर उभं राहून सांगायचं की काय घडलं.

बंगळुरूची एक कंपनी तो बाजारात आणणार आहे. तिचं म्हणणं, फारच संथ आहे. बाईला पळव, महत्त्वाच्या वस्तूंवर उजेड पाड, चालणं अर्ध्यावर आण. फेब्रुवारीअखेर हो म्हटलं नाही तर करार मोडणार. शलाका म्हणते ऐकूया. मला ठरवता येत नाही. तू खेळून बघ आणि खरं सांग. कंटाळा आला तर ‘कंटाळा आला’ असंच लिहून घे.

बटणांवर टिकल्या चिकटवल्या आहेत. हिरव्या चालायच्या, लाल थांबून बघायची. वाचायचं ते काकू वाचतील.

लोभ असावा, पण निकालात आणू नये.

तुझी,
हिमानी

---

॥ श्री ॥

बदलापूर,
१९ जानेवारी

चि. हिमानीस गोदूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिहिणारी तुझी काकू. मी सांगते आमच्या गावठी बोलीत, ती लिहिते शाळेच्या. तेव्हा एखादं वाक्य फार शहाणं वाटलं तर ते तिचं समज.

यंत्र पोचलं. टिकल्या बघून शेजारची संजीवनी विचारत होती, आजी, मशीनचं हळदीकुंकू केलं काय. म्हटलं, नात लग्नाचं नाव काढत नाही, निदान मशीन तरी नटू दे.

खरं सांगते, मला वाटलं होतं नाक्यावरची पोरं माना मोडून खेळतात तसलं काहीतरी ठो-ठो असेल. तुझी बाई चालायला लागली आणि चालतच राहिली. मालिनी म्हणाली, आई, ही पोचेपर्यंत माझी डाळ शिजेल. डाळ शिजली. तोवर बाई बांधावर पोचली होती. मी लाल टिकली दाबली.

अगं पोरी, तू आगर कधी बघितलंस? माझ्या माहेरचं आगर तुझ्या जन्माआधी बुजवलं, आता तिथं इमारती आहेत. तुला भरवताना मी जे काय बडबडायची, तेवढंच तुझ्याजवळ. आणि तेवढ्यावर तू अख्खं आगर उभं केलंस? पाणी आधी आभाळाच्या रंगाचं, मग उन्हात दुधाळ, मग कडेनं मीठ धरायला लागतं, पातळ साय धरावी तसं. हे सायीचं मी तुला कधी सांगितलं? मला तर आठवत नाही. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले, भिजतील म्हणून. मालिनी हसली. हसू दे. अंबरनाथच्या चाळीत वाढलेली ती, तिला खाडीकाठचं खाजण काय ठाऊक. (हे मी लिहिणार नव्हते, पण आई कागदावर बोट ठेवून बसल्या. – मालिनी)

आता भांडण. शिवरामच्या घरी ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या खाली ते पोस्टकार्ड सापडलं. मालिनीनं वाचलं: शिवराम परगावी तापानं गेला. तारीख अंगठ्याच्या कागदाच्या आधीची. ती टाळी वाजवून मोकळी. म्हणे, मेलेला माणूस अंगठा कसा देईल, बाळाजीचा कागद खोटा. मी म्हटलं, थांब जरा, ते कार्ड मोठं करून दाखव. चारही कोपरे शाबूत. म्हणजे शिवराम जिवंत आहे. चावडीवर तसंच सांगितलं, तर तुझं यंत्र म्हणतं चूक. तीनदा सांगितलं, तीनदा चूक. त्याला माझा निरोप दे, चूक त्याची आहे. मी शिवरामला शोधते आहे.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, त्याची आठवण असू दे.

गोदूबाई

---

॥ श्री ॥

उल्हासनगर,
२६ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या शिलाई कारखान्यातल्या बायका वर बघायला आल्या. आजी, शिवराम मेला आहे. मीच मारला आहे. ते कार्ड म्हणजे सगळ्या तपासाची किल्ली. काकूंनी ओळखलं तेच बरोबर उत्तर. कोपऱ्यांचं तू काय म्हणतेस ते आम्हाला कळलंच नाही.

हसलो खरं, पण पुढचं हसण्यासारखं नाही. कंपनीनं वीस जणांना गेम खेळायला दिला होता. त्यातल्या चौदांनी बांधावर पोचायच्या आधीच सोडला. काल त्यांचा पुन्हा फोन आला. शलाका म्हणाली, आपण दोघी वेड्या आहोत, चौदा माणसं खोटं नाही बोलत.

आणि तू, जो माणूस गेममध्ये नाहीच, त्याला शोधत फिरते आहेस. याचा अर्थ मी काय घ्यायचा? तुला आवडलंय, की नुसता हट्ट?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
हिमानी

---

॥ श्री ॥

बदलापूर,
४ फेब्रुवारी

चि. हिमानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हट्टच म्हण. पण आधी ऐक.

मला अक्षर येत नाही, पत्र मात्र येतं. कोपऱ्यांना हळदकुंकू असलं की लग्नाचं नाहीतर बारशाचं. एक कोपरा फाडलेला असला की माणूस गेल्याचं. ते घरात घ्यायचं नाही. अंगणात उभ्यानं वाचून घ्यायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. तुझ्या पणज्याचं, म्हणजे माझ्या बापाचं, आलं तेव्हा मी पोस्टमनच्या हातातच कोपरा बघितला आणि कळशी खाली ठेवली. वाचून दाखवणारा माणूस मागाहून आला. मला आधीच कळलं होतं.

आता तूच सांग. माणूस गेल्याचं कार्ड, कोपरा न फाडलेलं, घरात, ट्रंकेत, तेही लग्नपत्रिकांच्या खाली, असं कोण ठेवील? घरात आणताना ज्याला भीती वाटली नाही तो. म्हणजे ज्याला ठाऊक आहे की माणूस गेलेलाच नाही. तू शिकलेली, तुला हे कसं माहीत नाही?

म्हणून मी शोधत राहिले. सकाळी समीर कामावर गेला की मी आणि मालिनी बसायचो. शिवरामच्या भिंतीवर त्याची तसबीर आहे ना, तिच्यात त्याचा उजवा खांदा उतरलेला आहे, कावड वाहून वाहून उतरतो तसा. मी गावातल्या एकेकाचे खांदे बघत फिरले. होडीवाल्याचे बघितले, पारावरच्या म्हाताऱ्यांचे बघितले. मालिनी कंटाळली. (नाही कंटाळले. मीच त्यांना म्हटलं, आई, आज देवळामागची वाट बघू. – मालिनी)

परवा सापडला. तांबडं फुटताना आगराच्या पार टोकाला एक माणूस पाठमोरा बसलेला असतो. उजवा खांदा उतरलेला. मध्ये पाणी आहे, तुझी बाई तिथं जात नाही, टिकली दाबून काही होत नाही. पण तो शिवराम आहे. मी तुझ्या यंत्रापुढं हात जोडले, खोटं नाही सांगत. सगळा गाव कागद वाचत बसला आणि त्याच्या पाठीकडे कोणी बघितलं नाही.

कंटाळा आला का म्हणून विचारलं होतंस. आला, दोन दिवस. तळ्यापासून चावडीपर्यंतची वाट अगदी ओसाड आहे, तिथं कुत्रंसुद्धा भेटत नाही. ती खुशाल काप. बाकीच्या चालण्याला हात लावलास तर याद राख. तुझी बाई पळाली असती तर मला खांदा दिसला असता का?

ते खोटं कार्ड कोणी आणलं ते तू सांग. लिहिणारी तू आहेस.

रागावलीस तरी चालेल, पण परकी होऊ नको.

गोदूबाई

---

॥ श्री ॥

उल्हासनगर,
९ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शलाकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘पाठमोरा’ या शब्दावर ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला आठवलं. मागच्या वर्षी आगराचं टोक फार रिकामं दिसत होतं, हातात वेळ नव्हता, तेव्हा तिनं शिवरामचंच चित्र उचललं, पाठमोरं केलं, बारीक करून लांब ठेवून दिलं. चेहरा दिसणार नाही म्हणजे चालेल. नंतर विसरून गेली. मी तीन वर्षं रोज ते आगर बघते आहे. कंपनीच्या माणसांनी बघितलं. फक्त तू बघितलंस.

आणि कार्ड. आजी, मला आयुष्यात एकही पोस्टकार्ड आलेलं नाही. इंटरनेटवर कोऱ्या कार्डाचा फोटो बघून मी ते केलं. माझं अज्ञान आणि शलाकाचा आळस, दोन्हींच्या मधोमध एक माणूस जिवंत बसला होता आणि त्याच्या आईबापांनाच, म्हणजे आम्हाला, पत्ता नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही. भीती वाटली म्हणू की काय म्हणू, कळत नाही.

खोटं कार्ड कोणी आणलं ते आता मला दिसतं. बाळाजीनं फसवून शिवरामचा अंगठा घेतला. अंगठा खरा, कागद पक्का, सुटका नाही. मग शिवरामनंच स्वतःच्या मरणाचं कार्ड लिहवून घेतलं, आधीची तारीख घालून. तो आधीच मेलेला ठरला तर अंगठा खोटा ठरतो आणि जमीन बायकोकडे राहते. बायकोनं ते जपून ट्रंकेत ठेवलं. आणि तो गावाकडे पाठ करून मीठ ओढत बसला, जन्मभर.

ही गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. आता ती पळत सांगता येणार नाही. असं शलाकाच म्हणाली, आणि मग कंपनीला तिनंच लिहिलं: बाई चालेल.

आता आगराच्या टोकापर्यंत वाट बांधायची आहे. एकच अडलं आहे. आपली बाई तिथं पोचल्यावर शिवराम काय बोलेल? वीस वेळा लिहून वीस वेळा खोडलं.

तुझा हात डोक्यावर असू दे.

हिमानी

---

॥ श्री ॥

बदलापूर,
१६ फेब्रुवारी

चि. हिमानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काही बोलणार नाही तो. इतकी वर्षं मेलेला माणूस, त्याला बोलायची सवय कुठली? तो नुसता बाजूला सरकेल आणि बसायला जागा देईल. आपण बसायचं. ऊन वर येईपर्यंत उठायचं नाही. तेवढ्यात खेळणाऱ्याला जे समजायचं ते समजेल, नाही समजलं तर तुझ्या वीस वाक्यांनीही समजणार नाही.

आणि चावडीवर काय सांगायचं ते खेळणाऱ्यालाच ठरवू दे. जिवंत म्हटलं तर बायकोची जमीन जाते, मेला म्हटलं तर हा तिथंच बसून राहतो. यात तुझ्या यंत्रानं चूक की बरोबर म्हणायचं नाही. मला तीनदा चूक म्हणालं तेवढं पुरे झालं.

शलाकाला म्हणावं, आळस असाच करत जा.

गोदूबाई

---

॥ श्री ॥

उल्हासनगर,
२ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीनं करार मोडला. दोन ओळींत कळवलं. आम्ही दोघीच आता गेम बाहेर काढू, जमेल तसा. शलाका पुढच्या महिन्यापासून अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकला शिकवेल, मीही काही शिकवण्या बघते आहे. फार लोकांपर्यंत जाणार नाही. ज्या चौदांनी सोडला तसे आणखी पुष्कळ सोडतील, हे मला ठाऊक आहे.

काकांच्या हाती नवा गेम पाठवते. ओसाड वाट कापली. टोकापर्यंत वाट बांधली. तू म्हणालीस तसंच केलं.

या वेळी निकालाची भीती वाटते. आशीर्वाद पुढं असू दे, निकाल मागून येऊ दे.

हिमानी

---

॥ श्री ॥

बदलापूर,
११ मार्च

चि. हिमानीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

करार मोडला ते ऐकून वाईट वाटलं. मीच मोडायला लावला की काय, म्हणून दोन दिवस यंत्राला हात लावला नाही. मग मालिनीच म्हणाली, आई, चला, पोरीनं वाट बांधली आहे, आपण नाही गेलो तर कोण जाईल.

गेलो. त्या लांब बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी पाण्यात आभाळ होतं, आणि मधून आपली एवढीशी बाई. तो पाठमोरा. मी टिकली दाबली. तो सरकला, हिमानी. एवढंच. मी बसले. ऊन हळूहळू मिठावर चढलं, आधी टोकाला, मग जवळ, मग त्याच्या पायापाशी. किती वेळ गेला कोण जाणे. मालिनीनं काही वाचलं नाही, वाचायला काही नव्हतंच. प्रथमच आम्ही दोघी सारख्याच शिकलेल्या होतो. (खरं आहे. – मा.)

मग चावडीवर गेले. ‘जिवंत आहे’ म्हणून तुझ्या यंत्राशी भांडणारी मी. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याची बायको खाली मान घालून उभी. मी सांगितलं, शिवराम गेला. यंत्र काही बोललं नाही. बायकोनं मात्र वर बघितलं.

हा माझा निकाल. मी ठो-ठो असेल म्हणून बसले होते, तू मला काय दिलंस ते सांगायला मालिनीजवळ शब्द नाहीत, माझ्याजवळ तर अक्षरही नाही.

आता एक बातमी. मघाशी संजीवनी विरजण मागायला आली. म्हटलं, पाच मिनिटं बस, नातीचं काम बघ. बसली. तिकडे तिचा कुकर शिट्ट्या देतो आहे, सासू हाका मारते आहे, आणि ही म्हणते, थांबा हो, बाईला बांधापर्यंत तर पोचू दे. बांध अजून लांब आहे. तिला मी खांद्याचं काही सांगितलेलं नाही. जीभ दातांखाली धरून बसले आहे, पोरी, यापरीस अवघड काम मी जन्मात केलं नाही.

आमची माया गृहीत धर, मागत बसू नको.

तुझी आजी,
गोदूबाई

(लिहिणारी मालिनी. कुकर मीच बंद करून आले.)