विलायती चिमटा

सातारा, बुधवार, फेब्रुवारी १९४७. दिवेलागण.

तो चिमटा डोक्यातून जात नाही. पाचगणीची मडमबाई विलायतेला परत निघाली, म्हणून तिचं सामान विकायला निघालंय. तिच्याकडे काम करणारी गंगूबाई केस सरळ करायचा चिमटा माझ्याकडे ठेवून गेली. "आवं वैनी, निखाऱ्यावर तापवायचा आन् केसांवरनं फिरवायचा. शेवयांवानी सरळ व्हत्यात!" किंमत मात्र अशी, की हातातली पाटली मोडावी लागेल. मोडेनही. पण घ्यावा का?

रविवारी सांगलीचे लोक माझ्या कुसुमला बघायला येणार. मागच्या खेपेला रहिमतपूरच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिची वेणी सोडायला लावली. कुरळे केस फुगून खांद्याशी गोळा झाले, तशी मुलाची आत्या म्हणाली, "कातरलं तर घोंगडं व्हईल की गं!" सगळ्या हसल्या. कुसुमने मान वर केली नाही. घोंगडं! केस माझेच आलेत तिला.

मघाशी चिमटा तिच्यापुढे ठेवला. तिने उलटसुलट करून पाहिला. "आणि लग्नानंतर गं? रोज सगळ्यांच्या आधी उठून चुलीशी हा तापवत बसू?"

मग तीच हळूच म्हणाली, "घे आई. तुझ्या जिवाला बरं वाटणार असेल तर घे."

तिने हट्ट धरला असता तर घेतला असता. आता माझ्याच जिवासाठी कसा घेऊ? उद्या परत करीन. रविवारी पुन्हा वेणी सोडतील, आणि तिच्याजवळ बसून राहण्यापलीकडे माझ्या हातात काही नसेल.