कोणासोबत जेवतो

आई, तू गेल्याला चौदा वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. हरणार मीच, हेही ठाऊक आहे. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे परवान्याची परीक्षा द्यावी लागते, मी दिली होती तीच. आता नगरला त्या मुलांना मी शिकवते. कोण पास होईल, कोण अडकेल, याचा तक्ता करते: बारावीचे गुण, कॉलेजचे गुण, हजेरी, सराव परीक्षा. खर्डा गावच्या एका मुलीच्या नावापुढे मी दोन्ही वेळा डोळे झाकून 'पास' लिहिलं. दोन्ही वेळा ती नापास झाली. माझ्यासमोर रडत होती, तेव्हा काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "जेवतेस कुठं?" "खोलीवरच, मॅडम. मेसमधी सगळे रिझल्टचंच विचारत्यात."

ते ऐकलं आणि मी मनाने तू चालवायचीस त्या आपल्या खाणावळीत जाऊन पोचते. नापास होऊन मला आठवडा झालाय, आतल्या खोलीत दार लावून बसलेय. बाहेर याच परीक्षेच्या मुलांची पंगत. मी ताट आत मागते. पिठाच्या हातांनी तू दारात येतेस. "आत न्हाई मिळायचं. परीक्षा हुईपर्यंत खोलीवर डबा बी न्हाई, कुनालाच न्हाई. जे एकटं जेवतं ते अडकतं. लई वर्सं बघतीया मी." मी म्हणाले, चौथी शिकलेल्या बाईने मला परीक्षा शिकवू नये. किती वाईट बोलले गं मी. तू दोनदा नापास झालेल्या एका मुलाशेजारी माझं ताट मांडलंस. दोन दिवस मी हट्टाने उपाशी राहिले, तिसऱ्या दिवशी येऊन बसले. त्याने शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवत काविळीचा प्रश्न विचारला. मला आला नाही. उत्तर त्यालाही येत नव्हतं. दोघंही हसलो. मग रोज जेवताना प्रश्न सुरू झाले.

तक्त्यात मी नवा रकाना काढलाय: कोणासोबत जेवतो. बरोबरचे शिक्षक हसले. हसोत. ती मुलगी गेला महिनाभर माझ्याकडे जेवते, आणखी तिघी येतात. माझ्या भाकऱ्या अजून कडेला चिरतात. परवा तिची तिसरी परीक्षा आहे. पास होईल का, सांगता येत नाही, पण काल शेवटच्या भाकरीसाठी ती भांडली.

हे पत्र घडी घालून तुझ्या पीठ मळायच्या काठवटीखाली ठेवते. पास झाले तेव्हा पेढे वाटताना भर पंगतीत मी म्हणाले होते, माझी मी पास झाले. "व्हय, तुझी तूच," तू म्हणालीस आणि वाढत राहिलीस. आई, ते खरं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.